फुकट म्हणजे कुणाच्या खिशातून?

फुकट हा मराठीतला सगळ्यात लबाड शब्द आहे. तो कुणी उच्चारला की मी आधी बघतो, खिसा कुणाचा कापला जातोय. पाणी फुकट म्हणणाऱ्याच्या घरात नळ असतो. शिक्षण फुकट म्हणणाऱ्याच्या पोराला शाळेत न्यायला गाडी दारात उभी असते. आणि आता आपल्यातलेच काही शहाणे, स्टेटसला निळा झेंडा लावून, सांगत सुटलेत की बाबांनो, छापायच्या भानगडीत पडू नका, कागदाचे दिवस गेले, पीडीएफ करा आणि ग्रुपवर टाका. फुकट आहे.

फुकट आहे? बसा जरा. हिशेब करू.

प्रकरण वाकडचं आहे. एका अंगाला हिंजवडीच्या काचा, दुसऱ्या अंगाला मुंबई-बंगळुरू हायवे, मध्ये आभाळाला टेकलेले टॉवर आणि टॉवरच्या पायाशी पत्र्याच्या खोल्या. टॉवरमधली भांडी घासणारी, लिफ्ट पुसणारी, गेटवर रात्रभर उभी राहणारी, पहाटेच्या कंपनी बसने चाकणला ठेक्यावर जाणारी माणसं त्या पत्र्याखाली राहतात. त्यांच्यात आपली किती हे मोजायला जनगणना लागत नाही. चौदा एप्रिलला कुठल्या दारावर दिवे लागतात ते बघा. या माणसांसाठी आमच्या पोरापोरींनी एक पुस्तिका करायची ठरवली. सोळा पानं. ठेकेदाराने पीएफ कापला तर तो भरला की गिळला हे कुठे बघायचं, एकवीस हजारांच्या आत पगार असेल तर ईएसआयचं कार्ड कसं मागायचं, पगार किती तारखेच्या आत हातात पडला पाहिजे, नेमणूकपत्र दिलं नाही तर कुणाच्या दारात जायचं. यातली एकही गोष्ट गुप्त नाही. सगळी सरकारी माहिती आहे. फक्त ती अशा भाषेत आणि अशा जागी ठेवलीय की तिथवर पोचायला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते.

वर्गणी जमली एवढीशी आणि बैठकीत मतं चार. एक म्हणाला पुस्तिका छापू. दुसरा म्हणाला पीडीएफ. तिसरा रीलवाला: आता कोण वाचतंय राव, तीस सेकंदांत सांगा नाहीतर गप बसा. चौथा नगरसेवकपदाची स्वप्नं बघणारा: चौकात फ्लेक्स लावू आणि जयंतीला रंगीत स्मरणिका काढू, जाहिराती मी आणतो. चौघांनाही वाटत होतं की आपण विचारांवर भांडतोय. भांडण पैशाचं होतं, आणि पैशाचा कागद कुणाच्याच हातात नव्हता.

मी हिंजवडीत एका कंपनीत यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायच्या खात्यात राबतो. तिथे माझा घाम विकला जातो, पण तिथे एक गोष्ट मी शिकलो, ती सांगतो. कंपनी माहितीला माल मानते. नवं पान लिहायला किती तास, जुनं सुधारायला किती, तपासायला किती, चित्राला किती, भाषांतराला शब्दामागे किती, याचं कोष्टक भिंतीवर नाही पण प्रत्येकाच्या डोक्यात असतं. तोच मजकूर छापला तर काय पडतो, पीडीएफ केला तर काय, पडद्यावर मदत म्हणून दिला तर काय, त्याचा व्हिडिओ केला तर काय, प्रत्येकाचा रकाना वेगळा. तिथे कुणी 'फुकट आहे' म्हणालं तर त्याला खुळ्यात काढतील. दोन टक्क्यांच्या नफ्यासाठी भांडवलदार आपल्या माहितीची पै न पै मोजतो, आणि माणसाच्या हक्काची माहिती देणारी चळवळ म्हणते, होऊन जाईल, पोरं करतील. का करतील? पोरांना पोट नाही?

तर आधी छपाई. आकडे मी धरून चालतोय. तुमच्या छापखान्यात विचाराल तर थोडे इकडेतिकडे होतील, पण रीत तीच राहील. डेमी आकाराची सोळा पानं म्हणजे एक फर्मा. डबल डेमी, म्हणजे २३ बाय ३६ इंची कागदाच्या एका तावात अशा दोन पुस्तिका बसतात. हजार पुस्तिकांना पाचशे ताव, बरोबर एक रीम. सत्तर ग्रॅमचा मॅपलिथो घेतला तर त्या रिमेचं वजन पावणेएकोणीस किलोच्या आसपास भरतं. किलोला नव्वद रुपये धरा, सतराशे रुपयांचा कागद झाला. प्रतीमागे एक रुपया सत्तर पैसे. घडी घालून दोन पिना मारायचे आणखी एक रुपया तीस. म्हणजे प्रतीमागे तीन रुपये. प्लेटा आणि मशीन चालवायचं भाडं मिळून तीन हजार धरा. हे तीन हजार एक प्रत काढली तरी जाणार आणि हजार काढल्या तरी जाणार. हजार प्रतींचे झाले सहा हजार. सहा रुपयाला एक. पाच हजार काढल्या तर तीच प्रत तीन रुपये साठ पैशाला पडते. दोनशेच काढल्या तर अठरा रुपयाला.

इथे झेरॉक्सवाला मध्ये येतो. त्याच्याकडे प्लेट नाही, भाडं नाही, बाजूला एक रुपया. डेमीची दोन पानं ए-फोरच्या एका बाजूवर बसतात, सोळा पानांना आठ बाजू, आठ रुपये. दहा काढा नाहीतर हजार, आठचे आठ. म्हणजे सहाशे प्रतींपर्यंत झेरॉक्स स्वस्त आणि सहाशेच्या पुढे ऑफसेट. हे साधं गणित कुणी केलं असतं तर बैठकीतला पाऊण तास वाचला असता. किती माणसांपर्यंत जायचंय हे ठरल्याशिवाय कशात काढायचं हे ठरूच शकत नाही. आणि किती माणसांपर्यंत जायचंय हे आपल्याकडे कुणी विचारत नाही, कारण ते विचारलं की त्या माणसांकडे जावं लागतं.

चार रंग हवे असतील तर एका बाजूला एक प्लेट होती तिथे चार लागतात. फक्त कव्हर रंगीत करू म्हणतात. का? पीएफचा नंबर रंगीत कागदावर जास्त खरा होतो का?

आता पीडीएफ. माझ्या वहीत या सोळा पानांची नोंद आहे. माहिती गोळा करणं, लिहिणं, कामगार कायदा कळणाऱ्या वकिलाकडून तपासून आणणं, टाइप करणं, तीन वेळा वाचणं, पानं लावणं: सत्तर तास. तासाला शंभर रुपये धरा. ठेकेदारसुद्धा बरा वाटेल असा दर आहे. सात हजार झाले. हे सात हजार कागदावर काढलं तरी लागतात, पीडीएफ केली तरी लागतात, भिंतीवर कोळशाने लिहिलं तरी लागतात. पहिली प्रत जन्माला यायचाच हा खर्च आहे. छापून हजार जणांना दिलं तर तेरा हजार. पीडीएफ केली तर सात हजार. फुकटवाल्यांनी या दोन आकड्यांतला सात हजारांचा आकडा पुसून टाकला आणि उरलेल्याला शून्य म्हणाले. पुसला कसा? ज्यांचे तास होते ती आपलीच होती म्हणून.

आणि उरलेले सहा हजार वाचले म्हणता, तेही बघू. टॉवरमध्ये झाडू मारणाऱ्या मावशीला ती पीडीएफ पाठवली. तिच्या फोनची काच तडकलेली. पान ए-फोरचं, ते पाच इंची पडद्यावर उघडल्यावर मुंगीएवढी अक्षरं. बोटांनी ओढून मोठं करायचं, ओळ वाचत उजवीकडे सरकायचं, परत डावीकडे यायचं. दोन ओळींत माणूस थकतो. मग ती म्हणते, पोरा, कागदावर काढून दे की. सायबर कॅफेत छापील पानाला पाच रुपये धरा, सोळा पानांचे ऐंशी. पंच्याहत्तर जणांनी असं कागदावर काढून घेतलं की सहा हजार झाले. आपण हजार माणसांना देऊ शकलो असतो तेवढा पैसा पंच्याहत्तर माणसांनी आपल्या खिशातून भरला, आणि तोही सगळ्यात गरीब पंच्याहत्तर माणसांनी. नेट तर वेगळंच. जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर चढवले तेव्हा जिओचा दिवसाला दीड जीबीचा, अठ्ठावीस दिवसांचा २३९ चा रिचार्ज २९९ वर गेला. रिचार्ज संपला त्या दिवशी तुमची पीडीएफ कुठे असते? ढगात. तिथेच शोभते.

मी पीडीएफचा वैरी नाही. पान फोनच्या रुंदीचं करा, अक्षर मोठं ठेवा, मजकूर युनिकोडमध्ये असू द्या, मग ती कामाची वस्तू आहे. पण आपण काय करतो? जुन्या अंकाचे मोबाइलवर फोटो काढतो, सावली पडलेली, अंगठा आलेला, आणि त्याला डिजिटल ग्रंथालय म्हणतो. त्यात शब्द शोधता येत नाही. माझा एक मित्र डोळ्यांनी पूर्ण अंध आहे, फोन त्याला वाचून दाखवतो. अशा फोटोपुढे त्याचा फोन मुका होतो. ज्या चळवळीच्या पहिल्या पत्राचं नाव 'मूकनायक', तिने वाचणारं यंत्र मुकं करावं?

याहून वाईट गोष्ट श्रीलिपीची. नव्वदनंतर आपल्या कितीतरी नियतकालिकांचा मजकूर पेजमेकरमध्ये, श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असल्या फॉन्टांत टाइप झाला. छापून उत्तम आला. आज ती फाइल उघडा, फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. मग एकदा टाइप केलेलं परत टाइप करा, परत मुद्रितं तपासा. म्हणजे तोच घाम दोनदा. १९२० चा कागद हातात धरून आज वाचता येतो आणि २००२ ची फाइल वाचता येत नाही, हा खर्च कुणाच्या कोष्टकात होता?

आता थोडं मागे जातो, कारण हे दुखणं कॉम्प्युटरने आणलेलं नाही.

गावगाड्यात माहिती कोण पोचवायचं? सरकारी टपाल एका गावाहून दुसऱ्या गावाला कोण न्यायचं? मर्तिकाची बातमी उन्हातान्हात, रात्री-अपरात्री, पाच कोसांवरच्या सोयऱ्याला कोण सांगायचं? महार. त्याच्या तंगड्या हाच या देशातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्वस्त फॉर्मॅट. कागद नाही, शाई नाही, प्लेट नाही. गावाच्या दृष्टीने फुकट. बदल्यात वतनाचा तुकडा आणि दारोदार मागायची भाकर. वतनदार हजर नसला तर घरातल्या कुणालाही धरून कामाला लावत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं ते याच जोखडाविरुद्ध, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्याने रद्द व्हायला पुढे १९५८ साल उजाडावं लागलं. बातमी पोचवायचा खर्च शतकानुशतकं आमच्या पायांनी भरला. म्हणून मला कुणी माहिती फुकट पोचते म्हणालं की माझे पाय दुखतात.

आणि जेव्हा आपण स्वतःची बातमी स्वतः द्यायला निघालो तेव्हा? ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनसुद्धा 'केसरी'ने छापली नाही. म्हणजे किंमत मोजायची तयारी असली तरी दुकान बंद. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' सुरू झाला. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेब एकटे लिहीत होते, दमडी न घेता. पण त्यांनी एक गोष्ट केली जी आज आपण करत नाही. १९२८ च्या फेब्रुवारीत त्यांनी हा सगळा भार वाचकांपुढे उघडा मांडला, आणि त्या लेखाच्या नावातच विचारलं की हे ऋण लौकिक ऋण आहे की नाही. फुकट आहे असं ते म्हणाले नाहीत. ऋण म्हणाले. ऋणाला आकडा असतो. तो आकडा लोकांनी ओळखला नाही आणि १९२९ च्या नोव्हेंबरात पत्र बंद पडलं.

१९३६ ची गोष्ट याच्या उलट्या टोकाची. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषण वाचलं, घाबरलं, परिषदच गुंडाळली. भाषण हा फॉर्मॅट त्यांनी बंद केला. बाबासाहेबांनी तोच मजकूर पुस्तिका म्हणून स्वतः काढला. इंग्रजीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या, गुजराती आणि तमिळ भाषांतरं निघाली, आणि लगेच १९३७ साली दुसरी आवृत्ती काढावी लागली. सभेच्या मांडवात किती माणसं मावली असती? मजकूर तोच. ज्याच्या हातात दुसरा साचा तयार असतो त्याचं तोंड दाबता येत नाही. हे 'एकच फॉर्मॅट बास' म्हणणाऱ्या सगळ्यांनी, छापीलवाल्यांनीसुद्धा, नीट ऐकावं.

आमचे काही जुने कार्यकर्ते सायक्लोस्टाइलची आठवण काढून गहिवरतात. स्टेन्सिल कापायची, शाई फासायची, हँडल फिरवायचं, सकाळी काळे हात घेऊन कामावर जायचं. मान्य, दादा. पण त्या रात्रींचाही हिशेब तुम्ही ठेवला नाहीत. स्टेन्सिल कापणारा कोण होता हे अंकावर छापलं नाही, संपादकाचं नाव तेवढं ठळक छापलं. ही खोड आमच्यापर्यंत आली. आज टाइप करणाऱ्या, भाषणं ऐकून ऐकून उतरवून काढणाऱ्या, व्हिडिओखाली ओळी बसवणाऱ्या बहुतेक मुली आहेत. पोरगं माइकवर, फोटो पोराचा, आणि तिचे तास 'चळवळीला अर्पण'. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ साली आलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायांच्या दारोदार जाऊन, त्यांना बोलतं करून, ते कागदावर आणलं. त्या पुस्तकाची किंमत ठरवताना कागद, छपाई, बांधणी मोजली जाते. दार वाजवत हिंडलेले दिवस कुठल्या रकान्यात बसतात?

सरकारवर भरवसा ठेवून बसायचं म्हणाल तर तेही बघून घ्या. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड शासनाने १४ एप्रिल १९७९ ला काढला. वसंत मून यांनी त्या खंडांसाठी आयुष्य झिजवलं. मागणी एवढी की नऊ लाख प्रती छापायचं शासनाने ठरवलं, ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला, आणि चार वर्षांत छापल्या ३३ हजार. कागद गोदामात पडून. २०२१ च्या शेवटी ही बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. कागद होता. मशीन होतं. मजकूर होता. वाचक तर सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर रांग लावून उभा असतो. मग खर्च कशाचा नव्हता? करायच्या इच्छेचा. ज्या दिवशी तो कागद गोदामात गेला त्या दिवसापासून त्याची किंमत वाढत नव्हती, कुजत होती. बरं, १ जानेवारी २०१७ पासून बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांवरचा हक्क कायद्याने संपला. मृत्यूनंतरची साठ वर्षं भरली. कुणीही छापावेत. इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाने आपल्या संकेतस्थळावर ठेवलेत. पण परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरचं इंग्रजी वाकडच्या पत्र्याखाली कोण उतरवून आणणार? परत तोच प्रश्न. तंगड्या कुणाच्या?

छापलं तरी पोचवायचं कसं, हाही खर्चच. आपली सगळी छोटी नियतकालिकं बुकपोस्टावर जगली. २०२४ च्या डिसेंबरात टपाल खात्याने नोंदणीकृत बुकपोस्ट बंद केली. वर्गणीदाराचा अंक आता अंकाच्या किमतीहून महाग तिकिटावर जातो. म्हणून मी म्हणतो, पुस्तिका पोस्टाने पाठवूच नका. २५ डिसेंबरला देहूरोडला माणूस लोटतो. १९५४ साली त्याच तारखेला बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या दिवशी, चौदा एप्रिलला पिंपरीच्या पुतळ्यापाशी, एक जानेवारीला भीमा कोरेगावला, माणूस आपल्या पायाने आलेला असतो. तिथे हातात द्या. सहा रुपयाची वस्तू दहाला विका. फुकट नको. दहा रुपये देऊन घेतलेला कागद माणूस घरी नेतो, फुकटचा कागद वडापावखाली जातो.

फ्लेक्सवाल्याकडे येतो. वीस बाय दहा फुटी फ्लेक्स, दोनशे चौरस फूट, फुटाला बारा रुपये धरा, चोवीसशे रुपये. बांबू, दोरी आणि परवानगीचं लचांड वेगळं. चोवीसशेत सहा रुपयांच्या चारशे पुस्तिका येतात. त्या फ्लेक्सवर माहिती किती? बाबासाहेब कोपऱ्यात, मध्ये भाऊ हात जोडून, खाली चाळीस डोकी गोल गोल कापून चिकटवलेली, आणि 'हार्दिक शुभेच्छा'. एका चौकात असे सहा लागले की चौदा हजार चारशे गेले. सत्तर तासांच्या मजुरीसकट हजार माणसांचा पीएफ त्यात समजावून झाला असता. आणि स्मरणिका! जाहिराती कुणाच्या आणणार? बिल्डरच्या. त्याच बिल्डरच्या साइटवर आपला माणूस बिनापट्ट्याचा तेराव्या मजल्यावर लोंबकळतो. त्याच्या जाहिरातीसमोरच्या पानावर 'अपघात झाला तर भरपाई कशी मागायची' हे छापणार का? नाही छापणार. जाहिरातीचा दर पानाला कितीही असो, ती समोरचं पान विकत घेते. हा खर्च तर झेरॉक्सवालासुद्धा लावत नाही.

रीलवाल्याला मी हसत नाही. त्याचं एक बरोबर आहे: आपल्यातल्या कितीजणांना सलग वाचायची सवय नाही, आणि जलशाने, वामनदादांच्या गाण्याने जे पोचवलं ते कुठल्याही पुस्तकाने पोचवलं नाही. पण जलसा काय फुकट होता? सात-आठ माणसांचा खुराक, एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, घसा. दर रात्री नव्याने तेवढाच खर्च. रीलचा खर्च वेगळ्या तऱ्हेचा. ते करायला तासन्‌तास जातात आणि ते राहतं कुणाच्या घरात? कंपनीच्या. तिने खातं बंद केलं की आपलं ग्रंथालय जळालं, आणि धूरसुद्धा दिसत नाही. शिवाय पगार थकलेल्या माणसाला एक ओळ हवी असते: अर्ज कुठे. ती चाळीस मिनिटांच्या व्हिडिओत सतराव्या मिनिटाला आहे हे त्याला कोण सांगणार? रीलने दार वाजवावं. आत गेल्यावर कागद हवा.

आवाजाच्या फाइलीबद्दल मात्र माझं मत सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. भांडी घासताना हात ओले असतात, कान मोकळे असतात. रात्रपाळीच्या वॉचमनला डोळे गेटवर ठेवावे लागतात, कान मोकळे असतात. चाकणच्या बसमध्ये उभं राहून वाचता येत नाही, ऐकता येतं. पाच-पाच मिनिटांचे आठ तुकडे, एकेक प्रश्न एकेक तुकडा. खर्च काय? फोन आहेच. लागते ती शांत जागा, आणि एका खोलीच्या घरात, जिथे कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही आणि वरून पत्र्यावर पाऊस, तिथे शांतता ही सगळ्यात महाग चीज आहे. ती टॉवरच्या पंधराव्या मजल्यावर मिळते. आम्ही पहिला तुकडा रात्री दोन वाजता बंद रिक्षात बसून बोललो.

एक शेवटचा खर्च, जो कुणीच धरत नाही: माहिती शिळी होण्याचा. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत विरघळले. आधी हजारापेक्षा कमी कामगार असतील तर पगार सात तारखेच्या आत, जास्त असतील तर दहा. आता महिन्याचा पगार सगळीकडे सातच्या आत. राजीनामा दिला तरी दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा. ऑक्टोबरात ज्यांनी हौसेने पाच हजार पुस्तिका छापल्या, तीन रुपये साठ पैशाला पडली म्हणून पाठ थोपटली, त्यांचा गठ्ठा महिन्यात रद्दी झाला. रद्दीची किंमत धरली तर स्वस्त कोण? पण पीडीएफवाल्यांनी खूश होऊ नये. छापील गठ्ठा निदान कपाटात अडकून राहतो. जुनी पीडीएफ ग्रुपाग्रुपांत भुतासारखी फिरते, तिच्यावर तारीख नसते, आणि माणूस तिचा हवाला देऊन ठेकेदारापुढे तोंडघशी पडतो. त्याच्या नोकरीने ती किंमत भरली जाते.

तेव्हा आम्ही काय केलं ते सांगतो. मजकूर एकदाच टाइप केला, युनिकोडमध्ये, आणि तो तीन जणांच्या कॉम्प्युटरवर ठेवला. बारा पानं अशी की जी लवकर बदलत नाहीत: नोंद कशी ठेवायची, हजेरीचा फोटो का काढायचा, पासबुक कसं बघायचं, अर्ज कसा लिहायचा. ती ऑफसेटवर, एकाच रंगात, हजार. कायद्याचे आकडे आणि मुदती चार पानांच्या सुट्या कागदावर, वर ठसठशीत तारीख टाकून, झेरॉक्स. बदल झाला की तेवढंच नवं. तोच मजकूर फोनच्या रुंदीची पीडीएफ म्हणून, तोच रिक्षातल्या आवाजात. चारही जणांना थोडं थोडं मिळालं आणि चारही जण नाराज आहेत. नगरसेवक होऊ घातलेला जास्त.

कारण मलपृष्ठावर फोटो कुणाचाच नाही. तिथे खर्चाचा तक्ता आहे: कागद, प्लेटा, मशीन, पिना, झेरॉक्स, आणि त्याखाली तास, ज्याचे त्याच्या नावापुढे. तो म्हणतो, हे छापलं तर लोक म्हणतील चळवळीत पैसे घेतात. मी म्हटलं, म्हणू देत. टाइप करणारीच्या तासांपुढचा रकाना अजून रिकामा आहे, कारण तासाला किती धरायचे यावर आम्हा पुरुषांचं दोन बैठकांत एकमत झालेलं नाही. मग कुणाला तरी सुचलं की तिलाच विचारावं. ती रविवारी येतेय.